वाराच्या दिवसांचं ताट

मुंबईतल्या मासे खाणाऱ्या मराठी घराचं आठवड्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं नसतं, पण घरातल्या लहान मुलालाही ते पाठ असतं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा नाहीतर स्वामींचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. या तीन दिवशी आमच्या भांडुपच्या मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि सोमवारी तिथेच निम्मे ओटे रिकामे. म्हणजे ज्यांना जग पक्के मांसाहारी म्हणतं, त्यांच्या चुलीवर आठवड्यातले चार दिवस शिवराकच शिजतं. श्रावणात तर महिनाभर, काही घरांत गणपती जाईपर्यंत.

तरीही यांतल्या कुणाला म्हणून बघा, "मटण-चिकन कमी करा, डाळी-उसळी, पालेभाज्या वाढवा, तब्येतीला बरं." चेहरा लगेच पडतो. मी हे घरात, नात्यात, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर बरीच वर्षं म्हणत आले आहे आणि म्हणत राहणार आहे, कारण माझ्या आजूबाजूला चाळिशीतली माणसं रक्तदाबाच्या गोळ्या खातात आणि पन्नाशीत स्टेंट बसवून घेतात. पण भांडण नेहमी बुधवार-रविवारच्या ताटावरून पेटतं. वाराच्या दिवसांच्या ताटाकडे कुणी बघतच नाही. सुरुवात तिथून व्हायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

वाराच्या दिवशी आमच्यासारख्या घरात काय असतं? बटाट्याची पिवळी भाजी, चपाती, भात, त्यावर पातळ वरण. सकाळी कामावर जाताना टपरीवरचा वडापाव, संध्याकाळी चहाबरोबर खारी नाहीतर फरसाण. उपवास असला तर साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स. पोटात मांसाचा कण गेलेला नसतो, पण भाजीही गेलेली नसते. मैदा, बटाटा, साबुदाणा, पांढरा तांदूळ, तेल आणि साखर एवढ्यावर दिवस निघतो. याला शाकाहार म्हणता येईल, पण याने हृदय सांभाळलं जाईल ही आशा व्यर्थ आहे.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. अमेरिकेत दोन लाखांहून अधिक परिचारिका, डॉक्टर आणि आरोग्यक्षेत्रातल्या इतर लोकांच्या खाण्याच्या सवयींचा दोन दशकांहून जास्त काळ माग ठेवला गेला आणि त्यावरचा हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वनस्पतिजन्य आहाराचे दोन भाग पाडले. अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं, दाणे असा आहार घेणाऱ्यांना हृदयविकार कमी झाला. मैदा, बटाटा, गोड पेयं, मिठाया असा आहार घेणाऱ्यांना तो जास्त झाला. दोन्हीही 'व्हेज'च. हिरवा ठिपका बघून पाकीट उचलणाऱ्या आपल्या देशाने ही गोष्ट फार गांभीर्याने घ्यायला हवी. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं. हे सगळे काही रोज मटण खाणारे नाहीत.

आता शुक्रवारचं स्वयंपाकघर बघा. सकाळपासून खोबरं खवलेलं, धणे-मिरची भिजत पडलेली. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून पडतात, कोकमं पडतात, शेवटी वरून कच्च्या खोबरेलाची धार. सुरमईची तुकडी रव्यात घोळवून तव्यावर जाते आणि तिचा वास जिन्यापर्यंत येतो. आई त्या दिवशी कुणाला मध्ये लुडबुड करू देत नाही. घरातलं सगळं कसब, सगळी हौस त्या दिवसासाठी राखून ठेवलेली. आणि ताट? भाताचा ढीग, आमटी, तळलेली तुकडी, सोलकढी, कांद्याची चकती. भाजी नाही. मासे असताना भाजी कोण खाणार? म्हणजे वाराच्या दिवशी भाजी नाही आणि बिनवाराच्या दिवशीही नाही.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा घरी सोडताना हातात आहाराचा एक छापील कागद मिळाला. त्यावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, अव्होकाडो. बाबांनी उभा जन्म बेस्टच्या बसमध्ये तिकिटं फाडण्यात घालवला, त्यांना मुंबईचा कानाकोपरा माहीत, पण त्या कागदावरची निम्मी नावं त्यांनी ऐकलेलीसुद्धा नव्हती. कागदावर कुळीथ नव्हता. नाचणी नव्हती. मूग, मटकी, काळे वाटाणे, वाल, माठ, शेवगा, यांपैकी काही नव्हतं. ज्या माणसाच्या जिवासाठी तो कागद लिहिला, त्याचं ताट लिहिणाऱ्याने कधी पाहिलंच नसावं. मला त्या कागदाचा तेव्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. शहरात रोज असे किती कागद वाटले जात असतील, आणि ते मिळालेला माणूस मनाशी हेच ठरवत असेल की हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात बाबांपुढे काकडी-गाजर-कोबीचं मोठं भांडं ठेवलं गेलं. त्यांनी ते बोटाने बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "माका काय बैल समजलंस?"

चव बदलली ती काळ्या वाटाण्यांनी. हे वाटाणे रात्रभर भिजतात, सकाळी कुकरमध्ये शिजतात, आणि त्यांचं पाणी काळसर, दाट निघतं. ते ओतून द्यायचं नाही. आईने कोंबडीच्या रश्श्यासाठी करते तेच वाटण केलं: कांदा काळपट होईस्तोवर भाजला, सुकं खोबरं भाजलं, धणे, लवंग, दालचिनी, बडीशेप, बेडगी मिरची. फक्त खोबरं नेहमीच्या निम्मं घेतलं, कारण खोबऱ्यातला स्निग्धांश बहुतेक संपृक्त असतो आणि बाबांना तो बेतानेच हवा होता. रस्सा दाट व्हावा म्हणून उकडलेल्या वाटाण्यांतली मूठभर वाटणातच वाटून टाकली. फोडणीला चमचाभर तेल. वरून मालवणी मसाला, कोकम, कोथिंबीर. घरभर रविवारचा वास सुटला आणि तो दिवस गुरुवार होता. बाबांनी नाचणीच्या भाकरीबरोबर दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "परत कधी?"

कोकणी स्वयंपाकाला हे काही नवं नाही. लग्नकार्यात, देवळाच्या जेवणात, गणपतीत हेच पदार्थ मानाने वाढले जातात. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, ओल्या काजूंची उसळ, अळूचं फदफदं, फणसाची भाजी, केळफूल. देशावर गेलात तर ढोबळीचं पीठ पेरून, हुलग्याचं माडगं, घोळाची पातळ भाजी. ऋषिपंचमीची भाजी आठवा: बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही म्हणून अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, भोपळा, मक्याची कणसं, सगळं एकाच पातेल्यात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी, त्यात हरभरा, पावटा, वांगं, गाजर, आणि बाजूला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आज जगभरचे आहारतज्ज्ञ जे ताट मांडतात, ते आपल्याकडे वर्षातून एकदा नैवेद्य म्हणून होतं आणि मग पुढच्या वर्षापर्यंत विसरलं जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना दिल्या. २००० कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि सुमारे २५० ग्रॅम धान्यं. ८५ ग्रॅम कडधान्य म्हणजे कोरडी साधारण दोन मुठी. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत चौघांच्या वरणाला मिळून एवढी डाळ लागत असेल. भाज्यांचे ४०० ग्रॅम एकदा घरच्या काट्यावर ठेवून बघाच. जागतिक आरोग्य संघटनाही भाज्या आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. बटाटा वगळल्यावर आपल्या कालच्या दिवसात काय उरतं, हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

कडधान्याने नेमकं होतं काय, तेही सांगते, कारण "चांगलं असतं" एवढ्याने आमच्या बाबांसारख्यांचं समाधान होत नाही. कोलेस्टेरॉल आहारात येतं ते फक्त प्राण्यांकडून. तंतू येतात ते फक्त वनस्पतींकडून. वाटाणा, वाल, राजमा, ओट्स यांतले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. पित्त पुन्हा बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून ओढून घेतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरायला असा हातभार लागतो. शिवाय उसळीतला स्टार्च सावकाश पचतो, त्यामुळे जेवणानंतर साखर पांढऱ्या भातासारखी एकदम उसळत नाही. बाबांनी हे लक्ष देऊन ऐकलं. नंतर शेजारच्या काकांना त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगितलं.

मासळीविषयी मात्र मी खोटं बोलणार नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे ४८,००० लोकांचा १८ वर्षं पाठपुरावा करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी लोकांना हृदयविकार २२ टक्के कमी होता आणि मासे खाऊन मांस टाळणाऱ्यांनाही १३ टक्के कमी होता. त्याच अभ्यासात शाकाहारी लोकांना पक्षाघात मात्र २० टक्के जास्त आढळला, आणि बी-१२सारख्या घटकांची कमतरता हे त्याचं एक संभाव्य कारण म्हणून पुढे आलं. त्यामुळे वाफवलेला किंवा तिखल्यातला बांगडा हा माझा शत्रू नाही. मटणाचं, आणि त्याहून जास्त सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मुलांच्या डब्यात सॉसेज देणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगते. सुट्टीच्या दिवशी भेटल्या तर जिन्यात थांबवून सांगते.

या शहरात हा विषय काढताना आणखी एक गोष्ट आड येते आणि तिच्याबद्दल गप्प बसणं मला पटत नाही. मुंबईत मासे खाणाऱ्या मराठी माणसाला भाड्याने घर नाकारलं जातं. लिफ्टमध्ये पिशवीकडे बघून नाक मुरडलं जातं. ज्यांनी हे सोसलंय, त्यांच्यासमोर कुणी 'भाज्या खा' म्हटलं की त्यांना त्यात आरोग्य ऐकू येत नाही, अपमान ऐकू येतो. आणि त्यांचं चूक नाही. शाकाहार म्हणजे शुद्ध, मांसाहार म्हणजे बाटलेला, ही उतरंड जोवर बोलणाऱ्याच्या आवाजात आहे, तोवर ऐकणारा दार बंद करणारच. कोळीवाड्यातल्या बाईला तिचं अन्न घाण आहे असं सुचवून तिच्या मुलाची साखर उतरणार नाही. मी स्वतः आता मांस-मासे खात नाही, पण आमच्या घरी माशाचं कालवण वेगळ्या भांड्यात, वेगळ्या ओट्यावर होत नाही आणि होणारही नाही. कुणाच्या ताटात आणखी एक वाटी भाजी घालायची असेल, तर आधी त्याच्या ताटात जे आहे त्याचा मान ठेवावा लागतो.

आणि दुसरं म्हणजे कष्ट. मटण आणलं, धुतलं, कुकरला लावलं. पालेभाजीचं तसं नसतं. ती निवडायची, धुवायची, चिरायची, आणि एवढी मोठी जुडी शिजून वाटीभर होते. वाल भिजवा, बांधून मोड आणा, एकेक सोला. संध्याकाळच्या कर्जत-कसारा लोकलच्या बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्या बायका रोज दिसतात. घरी पोचायच्या आत तेवढंच एक काम हातावेगळं. 'जास्त भाज्या खा' असं कुणीतरी स्टेजवरून सांगतं तेव्हा ते काम याच हातांवर वाढतं. म्हणून मी आता पुरुषांशी वेगळं बोलते. तुम्हाला खायचंय ना? मग निवडायला बसा. बाबा निवृत्त आहेत, वेळ आहे, डोळे शाबूत आहेत. पहिल्यांदा आईने बातम्यांच्या वेळी त्यांच्यापुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं ठेवलं तेव्हा ते कुरकुरले. कोमट पाण्यातून एक वाल उचलायचा, चिमटीत दाबला की साल सुटते आणि दाणा टपकन वाडग्यात पडतो. बातम्या संपेपर्यंत वाडगा भरला. त्या रात्रीचं बिरडं कसं झालंय यावर त्यांनी पाहुण्यांसमोर बोलायला सुरुवात केली, मीठ, गूळ, कोकम यांच्या प्रमाणासकट. ज्याने सोललं त्याला ते गवत वाटेनासं झालं.

पावसाळ्यात तर मुंबईइतकं भाग्यवान शहर नाही. जूनच्या पहिल्या सरींनंतर कर्जत, कसारा, शहापूर, पालघरकडच्या आदिवासी बायका पहाटेच्या गाड्यांनी रानभाज्या घेऊन येतात आणि स्टेशनाबाहेर ओल्या फुटपाथवर वाटे मांडतात. शेवळं, टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू, पुढे कर्टोली. शेवळं घेतली तर सोबत हिरवी काकडं मागून घ्यायची, कारण शेवळाला खाज असते आणि काकडाच्या आंबटपणाने ती मोडते. मी न मागता पुढे निघाले तेव्हा भाजीवालीनेच हाक मारली, "ओ ताई, काकडं न्या, नायतर घसा धरंल." ओंजळभर काकडं तिने वेगळ्या पानात बांधून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. या भाज्यांचं कौतुक आपण महोत्सवांत करतो, बातम्यांत वाचतो. त्या विकत घेऊन शिजवणं आणि त्या बाईला तिच्या भावाने पैसे देणं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मनावर घेतलंत तर काही गोष्टी नीट माहीत हव्यात. वनस्पतींत बी-१२ मिळत नाही, त्यामुळे दूध-दही-अंडीही सोडणाऱ्याने त्याची गोळी घ्यायलाच हवी आणि नुसत्या दुधावर असलेल्यानेही रक्त तपासून घ्यावं. हातापायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा याकडे 'वय झालं' म्हणून दुर्लक्ष करू नका. लोह पालेभाज्यांत आणि कडधान्यांत असतं, पण ते सहज अंगी लागत नाही. त्यावर लिंबू पिळलं की लागतं, आणि जेवणाला लागून चहा घेतला की अडतं. पोह्यांवर लिंबू द्यायची आपली पद्धत सोन्यासारखी आहे, सोबतचा चहा तेवढा तासभर पुढे ढकला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलल्यावर साखर जास्त उतरू शकते, डॉक्टरांना आधी सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पालेभाज्या-डाळींचं प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नका. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवायच्या किंवा तोडायच्या नाहीत. आणि पोट फुगतं अशी तक्रार पहिल्या काही आठवड्यांत येतेच. कडधान्य भिजवलेलं पाणी ओतून द्या, शिजताना हिंग-आलं घाला, छोट्या वाटीपासून सुरू करा, आतडी सरावतात.

बदामाचं दूध, परदेशी बिया, व्हेगन चीज यांची गरज नाही. परवडत असेल आणि आवडत असेल तर घ्या, पण लालबागच्या, विक्रोळीच्या, डोंबिवलीच्या घराचं आरोग्य त्याने सुधारणार नाही. ते वाण्याकडच्या मटकीने सुधारेल.

आमच्याकडे बुधवार-शुक्रवार अजून मासळीचेच आहेत. मात्र त्या दिवशी ताटात लाल माठ किंवा दोडक्याची भाजी असते आणि भात निम्म्यावर आलाय. मटण सणासुदीपुरतं उरलंय. वाराच्या दिवशी बटाट्याची भाजी होत नाही, आणि त्याची सक्ती कुणी केलेली नाही. सोमवारी मूग, मंगळवारी अळू नाहीतर मिळेल ती पालेभाजी, शनिवारी काळे वाटाणे. गुरुवार बिरड्याचा. ज्यांना येत्या गुरुवारी करून बघायचंय त्यांनी मंगळवारी रात्री वाल भिजत घालावेत. बुधवारी सकाळी पाणी निथळून फडक्यात घट्ट बांधायचे आणि उबेला ठेवायचे, थंडी असेल तर वर पातेलं पालथं घालायचं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड येतात. मग कोमट पाण्यात टाकायचे, पाच-दहा मिनिटं थांबायचं, आणि घरात जो कुणी टीव्हीसमोर बसला असेल त्याच्यापुढे पातेलं ठेवायचं.